‘ट्रायलमध्ये घालू का?’



गेल्या रविवारी मंदिरातून बाहेर पडताना आपल्या मंडळातल्या एका तरुण सुनेनं मला बाजूला घेतलं. सासूबाईंचा कॅन्सर फुफ्फुसापर्यंत गेलाय, दोन प्रकारचे केमो देऊन झाले, आता मुंबईच्या डॉक्टरांनी नवीन औषधाच्या ‘ट्रायल’चं सुचवलंय. तिनं मला हळूच विचारलं, “काकू, तुम्ही यातून गेलाय. घालू का त्यांना ट्रायलमध्ये?”

मी तिला उलट विचारलं, “सासूबाई काय म्हणतात?”

ती म्हणाली, “त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘घालू का’ हा शब्द तीन वर्षांपूर्वी आमच्याही घरात रोज बोलला जायचा. तो बोलणाऱ्यांत मी होते. म्हणून आज हे लिहायला बसले.

माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो. पोट फुगतंय, अन्न जात नाही, म्हणून सहा महिने ॲसिडिटीची औषधं झाली. शेवटी कळलं, अंडाशयाचा कॅन्सर, तोही पसरलेला. ऑपरेशन झालं, केमो झाले, वर्षभर बरं गेलं. मग परत आला. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी पुतण्याला आत बोलावून सांगितलं, की नेहमीची औषधं आता काम करत नाहीत. एका नव्या औषधाची पहिल्या टप्प्याची चाचणी चालू आहे, विचार करा. पुतण्या बाहेर आला तो डोळे पुसूनच. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, की आक्कांना काही कळू द्यायचं नाही. आणि त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना म्हणाले, “आक्का, आता केमो नको म्हणाले डॉक्टर. शक्तीची नवीन इंजेक्शनं आलीत, ती घेऊ या.”

वीस दिवस मी हे खोटं सांभाळलं.

आपण दशलक्षणात दरवर्षी तत्त्वार्थसूत्राचं वाचन ऐकतो. सातव्या अध्यायाच्या दिवशी पंडितजी शल्यांबद्दल सांगतात. व्रत घेणाऱ्यानं मनातून तीन काटे काढून टाकायचे: माया, मिथ्यात्व आणि निदान. मी ते अनेक वर्षं ऐकलं, पण समजलं त्या वर्षी. कॅन्सर हाताबाहेर गेल्यावर नव्या औषधाच्या चाचणीत जायचं की नाही, हा निर्णयसुद्धा हे तीन काटे काढूनच घ्यावा लागतो. जायला हवं किंवा जाऊ नये, असं मी सांगणार नाही. कसं ठरवायचं, याबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे.

पहिला काटा माया, म्हणजे कपट. प्रेमापोटी केलेलं कपटही कपटच.

मुंबईला त्या दिवशी पुतण्या डॉक्टरांना म्हणाला, “आईला काही सांगू नका, सही मी करतो.” समोर एक तरुण डॉक्टरीण होती. ती शांतपणे म्हणाली, “सही त्यांचीच लागेल. आणि त्यांना समजल्याशिवाय मी ती घेणार नाही.” पुतण्याला राग आला. मलाही आला. आज मी त्या मुलीचे उपकार मानते.

आपल्या देशात २०१९ पासून नवीन औषधांच्या चाचण्यांचे नवे नियम लागू आहेत. माणूस शुद्धीवर असेल, स्वतः विचार करू शकत असेल, तर त्याच्या जागी नवरा, मुलगा कुणीही संमती देऊ शकत नाही. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवावं लागतं. माहितीचा कागद रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. चाचणीला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि त्या कमिटीत किमान सात सदस्य हवेत. त्यांत एक बाई, एक कायदा जाणणारा आणि एक अगदी तुमच्या-माझ्यासारखा सामान्य माणूस असावाच लागतो. हे नियम सहज झालेले नाहीत. गरीब, अडाणी माणसांवर त्यांना न कळवता औषधं तपासल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, तेव्हा कुठे २०१३ नंतर कडकपणा आला. म्हणजे बाहेरच्यांनी आपल्याला फसवू नये म्हणून कायदा झाला. आणि घरात आपणच फसवत होतो.

त्या संध्याकाळी धर्मशाळेत, सूर्यास्ताआधी डबा खाऊन झाल्यावर, मी आक्कांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या कोसळतील. त्या म्हणाल्या, “मला वाटलंच होतं. तुम्ही सगळे माझ्याशी इतकं गोड बोलायला लागलात तेव्हाच.” मग म्हणाल्या, “वीस दिवस तू एकटीनं हे पोटात ठेवलंस होय? आधी सांगितलं असतंस तर दोघींनी मिळून रडलो असतो.”

मैत्रिणींनो, ‘ती खचेल’ म्हणून आपण सांगत नाही. खरं तर आपल्याला तिच्यासमोर बसून ते ऐकवायचं धैर्य नसतं. ती चार बाळंतपणं, दोन मरणं आणि सासरची चाळीस वर्षं पचवलेली बाई असते. तिला कळतं. फक्त ती एकटी पडते.

दुसरा काटा मिथ्यात्व, म्हणजे जे जसं नाही तसं ते मानणं.

पहिल्या टप्प्याची चाचणी म्हणजे ‘नवीन, भारीतलं औषध’ असं आपण समजतो. ती मुळात वेगळ्या प्रश्नासाठी असते: माणसाला हे औषध किती द्यावं, आणि किती दिल्यावर त्रास होतो? त्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला कागदावर पायऱ्या काढून दाखवल्या. पहिल्या पायरीवर तीन रुग्ण, अगदी थोडा डोस. त्यांना गंभीर त्रास झाला नाही तर पुढचे तीन रुग्ण, थोडा जास्त डोस. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तीन. दोघांना झाला की वर चढणं थांबलं. अशा चाचणीत माणसं थोडी असतात. इतर अनेक औषधांची पहिली चाचणी धडधाकट माणसांवर होते, पण कॅन्सरची औषधं बहुधा इतकी तीव्र असतात, की ती निरोगी माणसाला देणं योग्य नाही. म्हणून ती ज्यांच्यापुढे दुसरे उपाय उरलेले नाहीत अशा रुग्णांना विचारून दिली जातात.

चाचणीलाच उपचार समजण्याची ही चूक शिकलेली माणसंही करतात. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९८२ मध्येच तिला नाव दिलं होतं.

मग गुण येतच नाही का? येतो, काहींना. आकडे नीट ऐका, कारण ओळखीपाळखीचे लोक दोन्ही बाजूंनी फुगवून सांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं २००० ते २०१९ या काळातल्या आपल्या पहिल्या टप्प्याच्या ४६५ चाचण्यांचा हिशोब मांडला. गाठींच्या कॅन्सरचे सुमारे १४ हजार रुग्ण त्यांत होते. शंभरातल्या साधारण १२ जणांची गाठ बऱ्यापैकी लहान झाली. शेवटच्या काही वर्षांत हा आकडा १८ पर्यंत चढला. औषधामुळेच मृत्यू झाला असे शंभरात एकापेक्षा कमी होते. ‘गाठ लहान झाली’ म्हणजे ‘बरी झाली’ असं नव्हे, हेही लक्षात ठेवा. आणि उरलेल्या ८२ ते ८८ जणांच्या बाबतीत तेवढंही झालं नाही.

कधी कधी मात्र विलक्षण घडतं. इमॅटिनिब हे औषध तुम्ही ऐकलं असेल, एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर त्याची गोळी देतात. त्याची पहिली चाचणी १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. २५ मिलिग्रॅमपासून चढत चढत १००० पर्यंत गेले. ३०० आणि त्याच्या वरचा डोस मिळालेल्या, आजार अजून सुरुवातीच्या अवस्थेत असलेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचं रक्त पुन्हा ताळ्यावर आलं. आज रुग्ण साधारण ४०० ची गोळी घेतात. हा डोस ठरायला कुणीतरी आधी २५ ची, ५० ची घेतली होती. आपल्याकडेही टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबईनं मिळून रक्ताच्या काही कॅन्सरवर कार-टी उपचार तयार केला. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, बदलून, परत देतात. ६४ जणांनी त्याच्या पहिल्या दोन टप्प्यांत भाग घेतला. ज्यांचा परिणाम तपासता आला त्यांतल्या ७३ टक्क्यांना गुण आला. दोघे उपचाराच्या परिणामानंच गेले. २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे त्याच्या साधारण दहाव्या भागात होऊ लागला.

पण ही दोन्ही उदाहरणं बातमीत येतात म्हणून आपल्याला माहीत असतात. ज्या चाचण्यांतून काही निघालं नाही त्यांची बातमी होत नाही. आक्कांनी विचारलं, “मला गुण येईल का?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “येईलच असं मी म्हणणार नाही, आक्का.” आक्कांना हे उत्तर आवडलं. इतक्या महिन्यांत कुणी त्यांच्याशी सरळ बोललं नव्हतं.

तिसरा काटा निदान. मराठीत निदान म्हणजे आजार ओळखणं, पण आपल्या शास्त्रात निदान म्हणजे केलेल्या धर्माच्या बदल्यात फळ मागणं. दान देतानाच मनात हिशोब मांडणं.

मला पहिल्या टप्प्यात भाग घेणं हे एक दान वाटतं. आपण चार दानं मानतो, त्यांत औषधदान आहे. आपण ते पैशांनी करतो, दवाखान्याला खाट देतो, शिबिराला गोळ्या देतो. पण ज्या औषधाचा डोस ठरवण्यासाठी कुणी आपलं शरीर आणि उरलेले दिवस दिले, त्या दानापुढे आपल्या पावतीची काय गोष्ट? मात्र दानाला दोन अटी आहेत. जे आपलं आहे तेच देता येतं. आणि बदल्यात काही मागायचं नसतं. आईचं शरीर मुलाचं नाही, सासूचं सुनेचं नाही. म्हणून आपण कुणालाही ट्रायलमध्ये ‘घालू’ शकत नाही. आणि ‘हे केलं म्हणजे मी बरी होणारच’ असा सौदा मनात असेल, तर आठ आठवड्यांनी स्कॅनचा रिपोर्ट आल्यावर माणूस दोनदा मोडतं.

आशा ठेवूच नये असं मी म्हणत नाही. शंभरात बारांमध्ये आपण असू, असं कुणाला वाटणार नाही? आशा असू द्या. फक्त तिच्यावर कर्ज काढू नका.

काही जणी विचारतील, या औषधांची आधी प्राण्यांवर परीक्षा होते, मग आपण अहिंसा मानणाऱ्यांनी ती घ्यायची का? होते, हे खरं आहे. उंदरांवर आणि बहुधा कुत्र्यांवरही. पण आपल्या घरातली बीपीची, साखरेची गोळीही त्याच वाटेनं आलेली आहे. तिच्याबद्दल मौन आणि मरणाच्या दारातल्या बाईला मात्र प्रश्न, हा न्याय नाही. प्राण्यांऐवजी दुसऱ्या पद्धती वापरायला २०२३ पासून आपल्या नियमांतही जागा झाली आहे. ती वाढावी म्हणून आवाज उठवणं हे आपलं, निरोगी माणसांचं काम.

आणि नाही म्हणणं? तेही तितकंच योग्य आहे. नाही म्हणणारी भित्री नाही, आणि तिच्या घरचे कंजूष नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली, म्हणजे वेदना, श्वास, झोप, मनाची घालमेल यांची काळजी घेणारे डॉक्टर सोबत दिले. त्यांचे दिवस सुखाचे गेले, नैराश्य कमी राहिलं, आणि ते सरासरीनं अडीच-पावणेतीन महिने जास्त जगले. म्हणजे ‘ट्रायल नाही तर काहीच नाही’ हे खोटं आहे. ट्रायलमध्ये गेलेल्यांनाही ही काळजी हवीच. वेदनेवर मॉर्फिन घेण्यात कमीपणा नाही. आणि ट्रायल नाकारणं म्हणजे सल्लेखना, असा घोळही करू नका. सल्लेखना हे समजून, गुरूंच्या साक्षीनं घेतलेलं व्रत आहे. औषध नको म्हणणाऱ्या आजारी बाईला भूक लागली तर तिला मऊ भात करून द्या.

आक्कांनी आठ दिवस मागून घेतले. तो वीसेक पानांचा मराठी कागद चष्मा लावून दोनदा वाचला, पेन्सिलनं खुणा केल्या. मग हो म्हणाल्या, एका अटीवर: “झेपेनासं झालं की मी बाहेर पडणार, तेव्हा कुणी मला थांबवायचं नाही.” ती अट नव्हतीच, तो त्यांचा हक्क होता, चाचणीतून कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

ज्यांच्या घरी हा प्रश्न उभा आहे त्यांनी डॉक्टरांना हे जरूर विचारा. ही चाचणी कितव्या टप्प्याची आहे? या डोसवर आतापर्यंत किती जण आले, त्यांना काय त्रास झाला? किती वेळा यावं लागेल, किती वेळा रक्त, किती वेळा गाठीचा तुकडा काढणार? औषध आणि तपासण्या मोफत आहेत ना, प्रवासाचा खर्च कोण देणार? औषधानं इजा झाली तर उपचार आणि भरपाई कुणाची? चाचणीची नोंदणी झाली आहे का? आपल्या देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते.

आणि आपल्या घरचे प्रश्न विचारायला लाजू नका. गोळी रात्रीची असेल तर रात्रीभोजन त्याग कसा सांभाळायचा, वेळ बदलता येईल का? कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं आहे का? अष्टमी-चतुर्दशीचा उपवास चालेल का? लपवून उपवास करू नका, लपवून काढाही देऊ नका. पपनस किंवा ग्रेपफ्रूटसारखं साधं फळसुद्धा काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. आक्कांनी विचारलं तेव्हा त्यांच्या दोन्ही गोळ्या सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा अशा बसवून मिळाल्या. विचारलं नसतं तर मिळाल्या नसत्या.

दोन महिने आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सांगली-मुंबई करत होतो. पहिले तीन दिवस तर दर तासा-दोन तासांनी रक्त. मळमळ, तोंड आलेलं, दशमीचा घासही उतरेना. आठ आठवड्यांनी स्कॅन झाला. गाठ वाढली होती. आक्का बाहेर पडल्या. निघताना त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “माझ्यावरून तुम्हाला काही कळलं का?” त्या म्हणाल्या, “हो, या डोसला काय होतं ते कळलं.” आक्का म्हणाल्या, “मग झालं.”

मार्गशीर्षात त्या घरी गेल्या, वेदना आटोक्यात होत्या, उशाशी णमोकार चालू होता. चाचणीत गेल्याचा पश्चात्ताप त्यांना नव्हता, आम्हालाही नाही. मला पश्चात्ताप आहे तो त्या वीस दिवसांचा. दरवर्षी क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागून झाली, की मी एकदा त्यांच्या फोटोसमोरही उभी राहते.

परवा त्या सुनेचा फोन आला. तिनं आणि नवऱ्यानं मिळून सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “मुंबईला आता नको. इथंच दुखणं कमी करणारा डॉक्टर बघा.” सूनबाई रडत होती, पण म्हणाली, “काकू, आता घरात श्वास घेता येतोय.”

कुणी सांगावं, तुमच्या घरातली आई हो म्हणेल. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त ती तिची असू द्या.

जय जिनेंद्र.